वडिलांनी बोलावलंय

फुलवंताबाईनं खोक्यातलं पिल्लू उचललं, त्याची चोच गुळाच्या पाण्यात बुडवली, त्यानं मान वर करून घोट गिळला तसं त्याला भुश्शावर सोडलं आणि दुसरं उचललं. सकाळी हॅचरीच्या टेम्पोनं पिल्लांची खोकी उतरवली होती. एका दिवसाच्या पिल्लाला पाणी कुठं आहे ते कळत नाही. भांडं शेजारी असून तहानेनं मरतं येडं. म्हणून ज्याची त्याची चोच एकदा तरी बुडवावीच लागते. वाकून वाकून तिची कंबर मोडायला आली होती, तेवढ्यात कमरेला खोचलेला मोबाइल वाजला.

"आई, मी बोलतोय."

जयवंत. एरवी हा पोरगा दुपारी फोन करायचा, बाप बाजाराला गेला असेल तेव्हा, आणि चोरासारखा बोलायचा. आज सकाळी सकाळी, आणि तोही एवढ्या मोठ्यानं!

"हळू बोल रे. आबा पलीकडेच आहेत."

"असू देत. आता हळू कशाला? आबांनीच बोलावलंय मला."

तिच्या मुठीतलं पिल्लू कलकललं. तिनं मूठ सैल केली.

"कोणी बोलावलंय?"

"आबांनी गं! काल इंद्रसिंग मास्तरांचा फोन आला होता. म्हणाले, वडिलांनी बोलावलं आहे, रविवारी दहा वाजता कुटुंबासह हजर राहा. मी दोनदा विचारलं, कोणी? तर म्हणाले, वडिलांनी. आबा स्वतः कसे फोन करतील? त्यांचा स्वभाव मला माहीत नाही होय? केलं मास्तरांना पुढं." तो हसला. "रोशनी कालपासून विचारतेय, त्यांना गोड काय आवडतं. आणि चांदनी आता धरून धरून उभी राहते, आई. बघशील तू."

फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि भुश्शाची धूळ गेली म्हणायला आजूबाजूला कुणी नव्हतं. तीन वर्षं! सुरतेच्या मिलमध्ये कामाला गेलेल्या पोरानं तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या मुलीशी, या रोशनीशी, देवळात हार घालून लग्न केलं, कुणीतरी त्याचा फोटो मोबाइलवर रेवजीला दाखवला, आणि त्या दिवसापासून रेवजी गावितच्या घरात जयवंत हे नाव बंद झालं. घरातच नव्हे, चर्चच्या मंडळीतही. पोराला 'शिस्तीखाली' ठेवलं, म्हणजे प्रभुभोजन बंद, आला तर दाराजवळच्या बाकावर बसायचं आणि कुणी त्याला प्रार्थना करायला सांगायचं नाही. ते ठरवताना पहिला हात वर केला होता तो रेवजीनं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? आणि आता त्याच रेवजीनं बोलावलं होतं. तिला वाटलं, देवा, ऐकलंस रे बाबा.

रेवजी शेडच्या टोकाला उबेचे दिवे खालीवर करून पाहत होता. ती पदरानं हात पुसत त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"मला सांगितलं असतं तर मी काय आडवी पडले असते?"

"काय?"

"पोराला बोलावलंत ते."

रेवजीनं दिव्याची दोरी गाठ मारून पक्की केली. मग तिच्याकडे पाहिलं.

"मी कुणाला बोलावलं नाही."

"मास्तरांनी फोन केला त्याला. वडिलांनी बोलावलंय म्हणून."

"हां. मंडळीच्या वडिलांनी."

फुलवंताबाईला एक क्षण काहीच उमगलं नाही, आणि मग सगळं एकदम उमगलं. चर्चमध्ये मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना वडील म्हणायचे. पाच वडील होते, रेवजी त्यांतला थोरला. त्यांच्या घरात, त्यांच्या मावची बोलीत, बापाला कुणी वडील म्हणत नव्हतं. बाप म्हणजे आबा. वडील हा शब्द रविवारचा, मास्तरांच्या तोंडचा. पण जयवंत आता सुरतेला राहायचा, मराठी माणसांच्या चाळीत, आणि तिथं वडील म्हणजे बाप. पोराच्या कानांनी त्याला हवं होतं तेच ऐकलं. त्याचं राहू द्या, चाळीस वर्षं त्या चर्चमध्ये बसून तिनंही तेच ऐकलं होतं की!

"कशाला बोलावलंय?"

"तीन वर्षं झाली. कुठंतरी निकाल लागला पाहिजे. उपासना संपली की पुढं यायचं, गुडघे टेकायचे, सगळ्यांसमोर कबूल करायचं की हे लग्न पाप होतं. केलं तर सहा महिन्यांनी परत मंडळीत. नाही केलं तर नाव कमी."

"आणि ती कुठं बसेल तेव्हा?"

"कोण?"

"कोण म्हणजे? त्याची बायको! कुटुंबासह बोलावलंत ना? ती मांडीवर पोर घेऊन समोर बसणार आणि हा गुडघ्यावर बसून सांगणार, ही बाई म्हणजे माझं पाप?" तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि रागावली की तिच्या तोंडून 'तुम्ही' गळून पडायचं. "लाज वाटते का रे तुला? पोरगं तिकडे तुझ्यासाठी शर्ट घेत असेल!"

"मी खोटं बोललो नाही त्याच्याशी. मी बोललोच नाही."

"मग आता बोल. हा घे फोन. सांग, मी नाही बोलावलं. नाहीतर सांग, मीच बोलावलं. काहीतरी एक सांग."

"खोटं मी सांगणार नाही. आणि खरं त्याला आल्यावर कळेल." रेवजी पुढच्या दिव्याकडे वळला. "तुला सांगायचं तर सांग. अडवलंय कुणी?"

तेच तर होतं! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं फोन हातात घेतला, नाव काढलं, आणि तिचा अंगठा तिथंच थांबला. सांगितलं तर पोरगा येणार नाही, या रविवारी नाही आणि पुढं कधीही नाही. 'बापानं बोलावलं' म्हणून झालेला आनंद आईनं काढून घेतला, हे तो जन्मात विसरणार नाही. न सांगितलं तर भरल्या मंडळीत त्याची आणि त्या पोरीची शोभा. तिनं फोन परत कमरेला खोचला आणि राहिलेली पिल्लं तशीच सोडून ती शेडबाहेर पडली. रेवजी मागून म्हणाला, "पिल्लं?" ती म्हणाली, "तू बुडव!"

इंद्रसिंग मास्तर ओट्यावर खुर्ची टाकून चष्मा पुसत बसले होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण सगळं गाव त्यांना अजून तिसरीचा वर्ग वाटायचं. मंडळीचे ते चिटणीस. मावची त्यांना येत होती, जन्मानं तीच त्यांची बोली, पण मंडळीच्या कामात ते ती वापरत नसत.

"या, फुलवंताबाई. बसा."

"बसायला नाही आले. तुम्ही माझ्या पोराला फोनवर काय सांगितलंत?"

"जो ठराव झाला तो. वडिलांनी बोलावलं आहे."

"मंडळीच्या वडिलांनी, असं म्हणालात?"

"त्यात वेगळं काय म्हणायचं? मंडळीचा चिटणीस फोन करतो आहे, तेव्हा वडील मंडळीचेच." मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यात कुठेही चूक नाही."

"त्याला वाटलं, बापानं बोलावलं!"

 हे त्यांच्या खरंच ध्यानात आलं नव्हतं, एवढं तिला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण मास्तरच ते, चूक पदरात घेतील तर शपथ.

"झालं ते एका अर्थी बरंच झालं. येईल तरी."

"फसवून?"

"बाई, शिस्त लावणं म्हणजे वैर नव्हे. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच तो शिक्षा करतो, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. बाप मुलाला मारतो तो काय शेजाऱ्याच्या मुलाला मारतो? आणि आपण काय मारतो आहोत? मोशेच्या नियमशास्त्रात हट्टी, न ऐकणाऱ्या मुलासाठी काय सांगितलं आहे, ठाऊक आहे ना? आईबापांनी त्याला धरून गावच्या वेशीपाशी आणायचं, वडिलांसमोर उभं करायचं, आणि मग गावानं…" दगडांपर्यंत येऊन मास्तर थांबले. "त्या मानानं आपला ठराव फारच सौम्य आहे."

"कुणी आणायचं म्हणालात?"

"आईबापांनी."

"दोघांनी?"

"दोघांनी. तसं स्पष्ट आहे."

"मग मला विचारलं कुणी?" फुलवंताबाईचा आवाज चढला तशी शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. येऊ दे! "बापानं हात वर केला म्हणजे झालं? तुमच्याच त्या मोशेनं आईला धरलंय ना त्यात? मी धरून आणणार नाही. माझा हात नाही त्याला. मग कुठला ठराव आणि कुठली वेस?"

"फुलवंताबाई, ते जुन्या कराराचं झालं. ते शब्दशः घ्यायचं नसतं."

"दगड काढताना जुनं चालतं, आणि आई निघाली की शब्दशः नको?"

 अडले की मास्तर वेळेचा दाखला देत. ठराव पाच जणांचा आहे, तो आता एकट्यानं बदलता येत नाही, रविवार उद्यावर आला, असं ते म्हणाले. ती पायऱ्या उतरली. रस्त्यानं येताना ती स्वतःशी मोठ्यानं बोलत होती, आणि समोरून येणारी माणसं बाजूला होत होती.

दर शनिवारी संध्याकाळी रेवजी दुसऱ्या दिवशीचा शास्त्रपाठ मोठ्यानं वाचून बघायचा. मंडळीत वाचताना अडखळलेलं त्याला खपत नसे. तो खाटेवर बसायचा, ती चुलीपाशी. तो वाचायचा, ती ऐकायची. अर्धं तिला कळायचं, अर्धं राहायचं. त्या संध्याकाळीही तो बसला. तिला वाटलं होतं, आज तरी नाही बसणार. पण नाही! जग बुडालं तरी रेवजीचा पाठ चुकायचा नाही.

पाठ बायबलातल्या होशेय संदेष्ट्याचा होता. इस्राएल लोकांना देव आपलं पोर म्हणतो, तो. पोर लहान होतं तेव्हापासून माझा त्याच्यावर जीव, त्याला मी मिसर देशातून बोलावून घेतलं, असं देव सांगतो. पण जेवढं बोलवावं तेवढं ते लांब जातं. त्याला चालायला कोणी शिकवलं? मीच. दंडाला धरून मीच शिकवलं, आणि त्याला त्याचा पत्ता नाही.

भाकर थापताना फुलवंताबाईचा हात थांबला.

जयवंत उशिरा चालला होता. बरोबरीची पोरं गुरांमागं पळायला लागली तरी हा बसूनच. बायका म्हणायच्या, लुळा निघतोय. रेवजी रोज पहाटे त्याला खांद्यावर घेऊन रंगावली नदीच्या काठी जायचा, वाळूत खड्डा करून त्यात त्याला कमरेपर्यंत उभा करायचा, म्हणजे पायांत बळ येतं. पोर रडायचं. रेवजी समोर वाळूत पालथा पडून त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन कोल्ह्यासारखा ओरडायचा, कोंबड्यासारखा आरवायचा. हा माणूस! ज्याला मंडळीत कुणी हसताना पाहिलं नाही तो हा माणूस.

रेवजी पुढं वाचत होता. आता देव रागावला होता. शहरांवर तलवार फिरेल, दरवाज्यांचे अडसर मोडतील, वर तोंड करून हाका मारल्या तरी कुणी उचलून घेणार नाही. त्याचा आवाज या भागात नेहमीसारखा खणखणीत लागला. मग तो पुढच्या वचनाशी आला. तिथं देव म्हणतो, तुला मी सोडून देऊ तरी कसा? दुसऱ्याच्या हाती देऊ कसा? माझंच काळीज आत उलटंपालटं होतंय.

रेवजी खाकरला. ते वचन त्यानं पुन्हा वाचलं, सपाट आवाजात, किराण्याची यादी वाचावी तसं.

"हे कोण म्हणतं?" फुलवंताबाईनं विचारलं.

"देव."

"मघाची तलवार कुणाची होती?"

"त्याचीच."

"म्हणजे चालायला शिकवलं यानंच, तलवार काढली यानंच, आणि आता काळीजही याचंच उलटंपालटं होतंय?" तिनं भाकर तव्यावर आपटली. "एवढंच तुटतं तर आधी मारायचं कशाला? आणि मारायचंच तर मग रडायचं कशाला? तुझ्यासारखाच दिसतोय की!"

"फुलवंता. जिभेला आवर घाल."

"का? तो चिडला तर चालतं, मी चिडले तर पाप?"

"पुढं ऐक मग." रेवजीनं बोट ओळीवर ठेवलं. "तो म्हणतो, मी माझा संताप पुरा करणार नाही. कारण मी देव आहे, माणूस नाही."

"हां! बघ. त्याला राग गिळता येतो, कारण तो देव आहे. मग तू तर माणूस. त्यानं सोडून दिलेला राग तू कशाला उचलून घरी आणलास? तुला कुणी सांगितलं होतं?"

रेवजीनं पुस्तक मिटलं. तो त्या रात्री जेवला, पण भाकर दुसरी मागितली नाही, आणि तिनंही वाढली नाही. जेवायचं तर जेव, नाहीतर तुझं तू बघ, असं तिला वाटत होतं.

सकाळी रेवजी पांढरा शर्ट घालून, पुस्तक काखेत धरून ओट्यावर बसला होता. नवापूर स्टेशनची रिक्षा अंगणात शिरली, आणि दादल्या नावाचा रिक्षावाला अहिराणीत मोठ्यानं ओरडला, "काकू, तुन्हा पोऱ्या उना!"

जयवंत उतरला. जाडा झाला होता थोडा. मागून रोशनी, डोक्यावर पदर, कडेवर पोर, एका हातात मिठाईचा डबा. फुलवंताबाईनं आधी पोर ओढून घेतलं, मग सुनेला कवटाळलं, आणि मग जयवंतच्या पाठीत एक धपाटा घातला, कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"सलाम, आबा," जयवंत म्हणाला. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. "तुम्ही बोलावलंत. आलो."

आता बोल, फुलवंताबाई मनात म्हणाली. आता तरी काहीतरी एक बोल.

रोशनी पाया पडायला वाकली तसा रेवजी अर्धं पाऊल मागं सरला. मंडळीत ती रीत नव्हती. पोरीचा हात हवेतच राहिला.

"गाडीला गर्दी होती का?" रेवजी म्हणाला.

बस! तीन वर्षांनी पोराशी बोललेलं पहिलं वाक्य हे. ना हो, ना नाही. फुलवंताबाईला वाटलं, या माणसाच्या हातातलं ते पुस्तक घ्यावं आणि त्याच्याच डोक्यात हाणावं. पण जयवंत तेवढ्यावरही खूश झाला. नव्हती आबा, बसायला जागा मिळाली, रोशनीला खिडकी मिळाली, असं तो भडभडून सांगत सुटला. नवा शर्ट त्यानं पिशवीतून काढून खाटेवर ठेवला. रेवजी त्याकडे बघत राहिला.

चहा झाला. चर्चची पहिली घंटा झाली. चांदनी अंगणात खाटेचा दांडा धरून उभी होती. तिनं दांडा सोडला, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि तोंडावर आपटली. भोकाड पसरलं तशी रोशनी धावली.

"उचलू नका!"

रेवजीचा आवाज असा कडाडला की रोशनी जागच्या जागी थिजली. जयवंतही थिजला, तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

"उठेल ती," रेवजी म्हणाला.

आता एवढ्याशा जिवालाही शिस्त का रे, मेल्या, असं फुलवंताबाईच्या अगदी ओठांवर आलं. आणि तेवढ्यात तिनं पाहिलं. रेवजी ओट्यावरून कधी उतरला, पुस्तक कधी खाली ठेवलं, कुणाला कळलं नव्हतं. तो पोरीच्या मागं धुळीत गुडघे टेकून बसला होता, आणि त्याचे दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, जमिनीलगत पसरलेले होते. शिवत नव्हते, पण तसूभरही मागं नव्हते. पोरगी हुंदके देत तळवे टेकून उठली, डोलली. ते हातही डोलले. तिनं पाऊल टाकलं. तो पांढऱ्या शर्टानिशी धुळीत तिच्यामागं सरकला.

दुसरी घंटा झाली. रेवजी उठला नाही.

"आबा, उशीर होतोय ना?" जयवंत म्हणाला. "दहाला बोलावलं होतंत तुम्ही. चर्चला जायचं असेल, म्हणून मी इस्त्रीचे कपडे…"

"चालतंय," रेवजी म्हणाला.

त्यानंतर कुणी घंटेचं नाव काढलं नाही. रोशनीनं मिठाईचा डबा उघडला. फुलवंताबाईनं दुसऱ्यांदा चहा टाकला, पण तिचं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. आणि व्हायचं तेच झालं. उपासना संपली असेल-नसेल, मास्तरांची मोटरसायकल दाराशी थांबली. मास्तर उतरलेसुद्धा नाहीत.

"रेवजीभाऊ, हे काय? पाठ मला वाचावा लागला. चला आता. वडील खोळंबले आहेत."

"कोणते वडील?" जयवंतनं विचारलं.

"मंडळीचे. दुसरे कोणते? त्यांनीच तर तुला बोलावलं. तुझ्या लग्नाची बाब आहे, कबुली द्यायची आहे. तुला कुणी सांगितलं नाही?"

जयवंतच्या हातात कप होता. तो त्यानं हळूच खाली ठेवला. त्यानं बापाकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं, आणि आईची मान खाली गेली. तिलाही ठाऊक होतं, हे त्याला कळलं. ते कळताना त्याचा चेहरा कसा उतरला ते फुलवंताबाईला पाहवेना. रोशनी चांदनीची टोपी शोधू लागली.

"पिशवी घे गं," जयवंत तिला म्हणाला. "साडेअकराची गाडी मिळेल."

"बस," रेवजी म्हणाला.

जयवंत बसला नाही.

"बस म्हटलं ना! बोलावलं मी."

"रेवजीभाऊ!" आता मात्र मास्तर गाडीवरून उतरले. आवाज खाली आणून म्हणाले, "देवाच्या दिवशी असं बोलू नये. फोन मी केला आहे. ठराव पाचांचा आहे, त्यात तुम्ही आहात."

"फोन तुम्ही केला, मास्तर. बोलावलं मी." रेवजीच्या गुडघ्यांना माती लागली होती. ती त्यानं झटकली नाही. "तो आत्ता तिथं येणार नाही. बायकोला पाप म्हणायला मी त्याला माझ्या अंगणातून पाठवणार नाही."

"मग तुमचं वडीलपद राहत नाही. हे लक्षात आहे ना?"

"दुसरा कोणी बघा."

जयवंत पिशवीचा बंद हातात धरून तसाच उभा होता. मग त्याच्या हातून तो सुटला. रोशनीनं टोपी पोरीच्या डोक्यावर ठेवली होती, ती तिनं परत काढली.  मास्तरांना मंडळीत परत जाऊन काय सांगायचं ते नेमकं हवं होतं.

"ठीक आहे. मी तसं कळवतो. हे म्हणणं आईबाप दोघांचं समजायचं ना?"

"दोघांचं कसं?" फुलवंताबाई पुढं आली. सकाळपासून, नव्हे तीन वर्षांपासून घशात अडकलेलं सगळं तिच्या आवाजात आलं होतं. "माझं तीन वर्षांपासूनचं आहे. यांचं आत्ताचं. तिथं सांगाल तेव्हा नीट वेगवेगळं सांगा, मास्तर. तुम्हाला चूक खपत नाही ना?"

मास्तरांनी रेवजीकडे पाहिलं, तो काही म्हणतोय का म्हणून. रेवजी मान खाली घालून उभा होता. फुलवंताबाईनं त्याला सोडवलं नाही.